गुडघे न टेकणारा कॅचर

माझा स्वभाव संशयी आहे, असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे. खाणीच्या फाटकासमोर बार चालवणारी बाई प्रत्येकावर विश्वास ठेवायला लागली, तर महिन्याभरात तिच्याकडे रिकामे ग्लाससुद्धा उरणार नाहीत. नवरा खाणीत दगावला त्या वर्षी मी हा बार हातात घेतला, आणि माझं नाव टेकला असलं तरी तेव्हापासून अख्खं शॅफ्टन मला तेता म्हणतं. तेता म्हणजे मावशी. मावशीसमोर माणसं नको तेवढं बोलतात आणि मावशी ऐकून घेते. वॉल्ट काचमारिकवर पहिला संशय कोणी घेतला असं विचारलंत, तर माझं रोजचं गिऱ्हाईक, म्हातारा योश्को डुर्काच छाती फुगवून म्हणेल, मी. खोटं आहे. पहिला संशय माझा.

वॉल्टला मी तो शेंबडा होता तेव्हापासून ओळखते. खाणीच्या काळ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी कंपनीच्या घरांची रांग आहे, त्यातल्या शेवटच्या घरात तो जन्मला. बाप भला माणूस, पण फुप्फुसं कोळशाने भरलेली, त्यामुळे रात्री खुर्चीत बसूनच झोपायचा. वॉल्ट कॅचर झाला तो काही अंगच्या गुणांमुळे नाही. चर्चच्या बेसबॉल टीममध्ये कॅचरचा मुखवटा एकच होता आणि त्याला आधीच्या सगळ्या पोरांच्या घामाचा वास येत असे. कुणाला तो घालायचा नव्हता. वॉल्ट पायाने मंद, अंगाने आडवा, आणि कुणी काही सांगितलं तर नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पोरांनी दिला त्याच्या तोंडावर बांधून.

पुढे अठराव्या वर्षी एका क्लबने त्याला उचललं आणि त्याचं आयुष्य बसच्या मागच्या सीटवर गेलं. कॅचरचं काम काय, तर फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, मांड्यांच्या बेचक्यात बोटं दाखवून पिचरला खुणा करायच्या, एक बोट म्हणजे सरळ वेगाचा चेंडू, दोन बोटं म्हणजे वळणारा, आणि मग जे काही येईल ते हातमोज्याने, छातीने, वेळ पडली तर गळ्याने अडवायचं. लढाईच्या दिवसांत तो नौदलात गेला. तिथेही अधिकाऱ्यांनी त्याला फलंदाजाच्या मागेच बसवलं. परत आल्यावर एका सप्टेंबरात त्याला मोठ्या लीगचं बोलावणं आलं. सगळं गाव माझ्या बारमधल्या रेडिओला चिकटून बसलं. त्याचं नाव रेडिओवर दोनदा आलं, त्यातलं एकदा चुकीचं. थंडी पडली, मोसम संपला, आणि पुढच्या वर्षी मोठ्या लीगने त्याला विचारलंही नाही.

मग तो आमच्याच शॅफ्टनच्या क्लबात आला. छोट्या लीगचा छोटा क्लब, पण आमचा. शर्टाच्या कारखान्यात काम करणाऱ्या वेरोनाशी त्याने लग्न केलं. उजव्या हाताची बोटं इतक्या वेळा मोडून जुळली होती की हात आल्याच्या गड्ड्यासारखा दिसे. त्या हाताने तो लहान पोरांच्या गालाला हात लावायला जायचा आणि पोरं रडायची. तेव्हा तो हसायचा.

आता ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते आहे, तो बावन्न सालचा. वॉल्ट पस्तिशीचा झाला होता, आणि कॅचर पस्तिशीत म्हातारा होतो. खाणीचे निम्मे शाफ्ट बंद पडले होते. उरलेल्यांत नवीन माणूस कुणी घेत नव्हतं. बाई सकाळी शर्टाच्या कारखान्यात जाते आणि नवरा घरी बसून बटाटे सोलतो, अशी घरं गावात वाढत चालली होती. ते नवरे दुपारी माझ्या बारमध्ये यायचे, एका ग्लासावर तासन्‌तास बसायचे, आणि बायकोची शिफ्ट सुटायच्या आधी गुपचूप उठून जायचे. वॉल्ट त्यांच्याकडे बघून मला एकदा म्हणाला होता, "तेता, मी काहीही करीन, पण बटाटे सोलणार नाही."

"सोलायला लावणार कोण तुला?" मी म्हणाले.

"बघू," तो म्हणाला. त्याच्या त्या 'बघू'तसुद्धा मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं.

जूनपासून आम्ही हरायला लागलो. हरणं काही नवीन नव्हतं, पण हे हरणं वेगळं होतं. टॅड ओल्शेव्स्की नावाचा आमचा एक तरुण पिचर होता, मोठ्या लीगची माणसं त्याला बघून जायची. त्याचा वळणारा चेंडू भल्याभल्यांना कळत नसे. आणि आता अचानक कुठलेही सोमेगोमे फलंदाज त्याची वाट बघत उभे असल्यासारखे तो कुंपणाबाहेर भिरकावायला लागले. पुढे काय येणार हे त्यांना आधी कळत होतं. योश्कोच्याही लक्षात आलं होतं की शेजारच्या बेल्फर्ड गावच्या टीमचा कोच मैदानात तिसऱ्या बेसजवळ उभा राहून वळणाऱ्या चेंडूआधी टाळी वाजवतो आणि सरळ चेंडूआधी गप्प राहतो.

"खुणा दोघांनाच माहीत असतात," योश्को माझ्या काउंटरवर बोट आपटत म्हणाला. "देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. टॅड काही स्वतःचेच चेंडू विकणार नाही. मग राहिलं कोण?"

"कुंपणच शेत खातंय," कुणीतरी मागून म्हणालं.

मी ग्लास पुसत होते. मला त्याआधीच बरंच काही दिसलं होतं. वॉल्ट पूर्वी सामना संपल्यावर माझ्याकडे बादली घेऊन यायचा आणि बर्फ न्यायचा. त्या वर्षी त्याने यायचं बंद केलं, कारण घरी नवाकोरा फ्रिज आला होता. क्लबच्या पगारात फ्रिज? बारमध्ये आला तरी बसत नसे, काउंटरला टेकून उभाच. "बस की," मी म्हणायची, तर म्हणे, "उभाच बराय, तेता." उभ्याउभ्या पिणारा माणूस मी पुष्कळ पाहिलाय. तो एक तर पोलिसाला चुकवत असतो नाहीतर बायकोला.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट चर्चमधली. वॉल्ट रविवारची मिस्सा चुकवत नसे, पण त्या उन्हाळ्यात तो मागच्या खांबाजवळ उभा राहायला लागला. सगळे गुडघे टेकायचे, हा उभा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला माणसं पुढे कठड्याशी जाऊन गुडघ्यांवर बसायची, हा जागचा हलत नसे. आमच्यात याचा अर्थ एकच होतो. ज्याच्या मनावर मोठं पाप आहे आणि ज्याने त्याची कबुली दिलेली नाही, तो प्रसादाला जात नाही. मी कठड्यावरून परत येताना मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघायची. तो चटकन नजर चुकवायचा. चोराच्या मनात चांदणं.

मी फादर मिहालिकना विचारलं. सरळ नाही, आडून. म्हटलं, "फादर, वॉल्टचं काही बिनसलंय का?"

फादर म्हणाले, "टेकला, तू स्वतःच्या आत्म्याची काळजी घे."

आता फादर असं कधी म्हणतात? झाकायचं असतं तेव्हाच. मी बारमध्ये येऊन योश्कोला सांगितलं, आणि मग सांजेपर्यंत ते गावभर झालं.

टीमचा मॅनेजर एमलिन प्रॉसर वेल्श माणूस होता, थंड डोक्याचा, मोजून बोलणारा. त्याने सापळा लावला. बेल्फर्डबरोबरच्या सामन्यात त्याने वॉल्टला आणि टॅडला डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या खोलगट जागेच्या, पायऱ्यांवर बोलावून खुणाच बदलल्या. जुन्या सगळ्या रद्द. नवीन फक्त तिघांना माहीत. आता बघू, कोण टाळी वाजवतं ते.

बेल्फर्डच्या कोचने तरीही टाळी वाजवली. बरोबर वेळी, प्रत्येक वेळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॉसर बारमध्ये आला आणि काउंटरच्या टोकाला बसला. मी विचारलं, "मग काढता का त्याला?"

"कुणाच्या जोरावर, टेकलाबाई?" तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरा कॅचर नाही, आणि पुरावा तर त्याहून नाही. बोटं मी बघत होतो. डोळे बघत होतो. तो कुणाकडे बघतसुद्धा नव्हता."

"मग?"

"मग तो खेळेल. चोर सापडेपर्यंत चोराला सांभाळावं लागतं."

तेवढ्यात वॉल्टच आत आला. तो नेहमीच्या जागी उभा राहिला आणि मी त्याच्यापुढे बिअर ठेवली.

योश्को खोकला. "वॉल्ट, बेल्फर्डवाल्यांनी दिलेला फ्रिज चालतो का रे नीट? बर्फ जमतो ना?"

"जमतो," वॉल्ट म्हणाला.

"नाही, म्हटलं, आम्हालाही एक मिळतो का बघावा. आम्ही काय विकावं, तेवढं सांग."

"तुझ्याकडे विकण्यासारखं काय आहे, योश्को? खोकला?" वॉल्ट हसला. पण रागावला नाही, शपथा घेतल्या नाहीत, मूठ आवळली नाही. खोटा आळ आलेला माणूस असा हसतो का? मी होते म्हणून सांगते, अर्ध्या बारने त्याच क्षणी मनात निकाल देऊन टाकला. टॅड ओल्शेव्स्की कोपऱ्यात बसला होता. तो उठला, वॉल्टच्या जवळून गेला आणि त्याने मान फिरवून घेतली. वॉल्टचा चेहरा तेव्हा मात्र पडला. त्याने बिअर अर्धीच ठेवली आणि निघून गेला.

ऑगस्टच्या मध्यावर आमच्या चर्चची जत्रा असते. मिस्सा झाली की अंगणात टेबलं लागतात, ॲकॉर्डियन वाजायला लागतं, आणि मी मोठ्या तव्यावर बटाट्याच्या ब्लिनी, म्हणजे किसलेल्या बटाट्याची धिरडी, तळते. सगळं गाव माझ्यापुढे रांग लावतं. प्रॉसर एरवी प्रॉटेस्टंटांच्या चॅपलला जातो, आमच्या चर्चची पायरी चढत नाही, पण ब्लिनी खायला दर वर्षी हजर. त्या दिवशीही मिस्सेत वॉल्ट खांबाशी उभाच राहिला होता, आणि आता तो फाटकापाशी झाडाला टेकून उभा होता. वेरोना एकटीच दोन बशा घेऊन रांगेत आली. तिच्या मागे योश्को आणि त्याच्या मागे प्रॉसर.

योश्कोच्या पोटात सकाळपासून बिअर होती. तो मोठ्याने म्हणाला, "तेता, वॉल्टच्या बशीतली ब्लिनी आधी पवित्र पाण्यात बुडव. मोठं पाप आहे पोटात. पचायची नाही."

लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

वेरोना वळली. ती बुटकी, शांत बाई. दिवसभर शिलाई यंत्रावर वाकून बसल्याने खांदे गोल झालेले. "कसलं पाप, योश्को?"

"ते त्याला विचार. देवासमोर गुडघे टेकायला माणूस का घाबरतो, ते त्याला विचार."

"घाबरत नाही," वेरोना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ॲकॉर्डियनवाला थांबला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "गुडघे टेकले की त्याला उठता येत नाही. सकाळी संडासावरून मी त्याला उठवते. दोन्ही काखांत हात घालून. रात्रभर गुडघ्यांना बर्फ बांधते, म्हणून माझ्या पगारातून हप्त्यावर फ्रिज घेतलाय. कठड्याशी बसला असता तर फादरना आणि तुला मिळून त्याला उचलावं लागलं असतं, आणि पहिल्याच बाकावर क्लबचा मालक बसतो. आता पाप सांग, कुठलं?"

माझ्या तव्यावरची ब्लिनी करपली, तरी मला कळलं नाही.

प्रॉसर मात्र बशी हातात धरून पुढे आला. अगदी मऊ आवाजात त्याने विचारलं, "वेरोना, गुडघे असे असताना तो वळणारा चेंडू अडवतो कसा? तो तर जमिनीवर आपटतो. पटकन खाली पडावं लागतं."

"पडता कुठे येतं," वेरोना म्हणाली. ती अजून रागातच होती. "म्हणून तो उजवी टाच आधीच टेकवून तिरका बसतो. सरळ चेंडूला नाही, फक्त वळणाऱ्याला. मला स्टेडियमच्या मागच्या बाकावरूनसुद्धा दिसतं."

मागच्या बाकावरून दिसतं, तर तिसऱ्या बेसजवळच्या कोचला काय दिसत नसेल? सगळं गाव महिनाभर वॉल्टची बोटं बघत होतं, डोळे बघत होतं, त्याच्या घरचा फ्रिज बघत होतं. बेल्फर्डचा कोच तेवढा त्याचा बूट बघत होता. खुणा फोडणारा वॉल्टच होता, एवढं आमचं खरं. पण त्याने काही विकलं नव्हतं. त्याचे गुडघेच फितूर झाले होते.

प्रॉसरने बशी टेबलावर ठेवली, टोपी उचलून वेरोनाला नमस्कार केला आणि तो फाटकाकडे गेला. वॉल्टशी तो फार वेळ बोलला नाही. खांद्यावर हात ठेवला, एवढं मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी क्लबने वॉल्टला मोकळं केलं. उकिडवं बसता येत नाही असा कॅचर ठेवून करणार काय? पुढल्या गावातून एक कोवळा पोरगा आणला आणि त्याच आठवड्यात टॅडचा वळणारा चेंडू पुन्हा कुणाला कळेनासा झाला.

इथे मला एक सांगायचंय, आणि ते माझ्या स्वभावाला धरूनच आहे. वेरोना ते रागाच्या भरात बोलून गेली, असं गाव मानतं. गाव मानो. मी तिला समोरून पाहत होते. प्रॉसरने विचारलं तेव्हा ती क्षणभर थांबली होती. इतकी वर्षं स्टेडियममध्ये बसलेल्या बाईला टाच म्हणजे काय ते कळत नाही? रोज सकाळी त्याला उचलून, दर आठवड्याला परगावच्या सामन्यांहून बसने परत आलेला त्याचा सुजलेला देह बघून, ती थकली नसेल? नवऱ्याचं नाव धुवायला बोलली की नवऱ्याला घरी आणायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिला विचारलंही नाही. दोन्ही खरं असेल.

मंगळवारी दुपारी वॉल्ट बारमध्ये आला. या वेळी तो बसला. सगळ्यांसमोर काउंटर धरून हळूहळू खुर्चीत उतरला, जसं काही आता लपवायला काहीच उरलं नव्हतं. आणि मग एकेक जण त्याच्याकडे यायला लागला. योश्कोने त्याला बिअर पाजली. दुसऱ्याने दुसरी पाजली. "आम्हाला ठाऊकच होतं रे," एक म्हणाला. ठाऊक होतं म्हणे. टॅड आला आणि त्याने वॉल्टचा हात हातात घेतला, तो वाकडा हात, आणि मग त्याला काय करावं सुचेना म्हणून तसाच धरून उभा राहिला.

सगळे पांगल्यावर मी त्याच्यापुढे पिरोही, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांची बशी, ठेवली. म्हटलं, "वॉल्ट, तुला माहीत होतं? टाचेचं?"

"बेल्फर्डच्या कोचने माझ्या बुटाकडे बघून टाळी वाजवली, तेव्हाच कळलं, तेता. मग मी प्रत्येक चेंडूला टाच टेकवून पाहिली. तर त्यांचे धावणारे चेंडू पडायच्या आत पळत पुढचा बेस गाठायला लागले, मला झटकन उठून तिकडे चेंडू फेकता येईना."

"मग बोलला का नाहीस? गाव तुला चोर म्हणत होतं. टॅड तुझ्याकडे बघत नव्हता. एक शब्द बोलला असतास तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

त्याने पिरोहीला हात लावला नाही. "चोर म्हणत होतात, तोवर प्रॉसर मला रोज खेळवत होता," तो म्हणाला. "दुपारी पॅड बांधायचो, मुखवटा चढवायचो. आता कुणी मला चोर म्हणत नाही. आता मी नुसता भला माणूस आहे."

मला रडू आलं. मला रडू सहजी येत नाही, नवरा गेला तेव्हाही लोकांसमोर आलं नव्हतं. मी पाठ फिरवून ग्लास पुसत बसले.

कारखान्याचा भोंगा झाला तशी वेरोना दारात आली. केसांना शर्टांचे धागे चिकटलेले. ती सरळ त्याच्या खुर्चीपाशी गेली आणि तिने रोजच्यासारखे दोन्ही हात पुढे केले. बारमधल्या सगळ्यांनी आपापल्या ग्लासात बघितलं. वॉल्टने तिच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"घरी बटाटे आहेत का गं?" त्याने तिला विचारलं.

"आहेत," ती म्हणाली.

मग त्याने तिचे हात धरले.